जुन्या लेन्समधली बुरशी घरी निघते का?

नवरात्राच्या आधी घरोघरी कपाटं आवरायला निघतात आणि हा प्रश्न ठरल्यासारखा येतो: "वडिलांच्या कॅमेऱ्याची लेन्स आहे, आत पांढरं जाळं धरलंय. घरी साफ होईल का, की पुण्याला पाठवू?" तुम्हीही तेच विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहितो.

होते. साधी ५० मिलिमीटरची, हाताने फोकस करायची लेन्स असेल, बुरशी फार जुनी नसेल आणि काचेच्या मोकळ्या बाजूवर असेल, तर एका दुपारचं काम आहे. पण बुरशीने जेवढ्या लेन्स वाया जात नाहीत तेवढ्या उघडण्याच्या घाईने जातात. म्हणून स्क्रूला हात लावायच्या आधी आत नेमकं काय आहे ते ओळखायचं.

खोलीत अंधार करा. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं ठेवा (लेन्समधलं, प्रकाश कमी-जास्त करणारं पाकळ्यांचं छिद्र म्हणजे अ‍ॅपर्चर). मोबाईलचा टॉर्च मागच्या काचेमागे जरासा तिरका धरून पुढून बघा आणि नजर एकेका काचेवर नेत राहा. फाटे फुटत गेलेले बारीक धागे, बहुतेक वेळा कडेकडून मध्याकडे येणारे, ही बुरशी. सगळीकडे सारखं दुधी धुकं दिसलं तर ते बुरशीचं नाही, फोकसच्या ग्रीसमधलं तेल वर्षानुवर्षं उडून काचेवर बसलेलं असतं, आणि ते बहुतेक वेळा सहज पुसलं जातं. कडेला इंद्रधनुषी रंगांचे पट्टे दिसले तर एकमेकींना चिकटवलेल्या दोन काचा सुटायला लागल्यात. फार जुन्या लेन्समध्ये हा जोड कॅनडा बाल्सम या झाडाच्या पारदर्शक डिंकाचा असतो. तो घरी उकलून परत बसवायच्या फंदात पडू नका. त्याच जोडाच्या आत बुरशी शिरली असेल तरी उत्तर तेच.

सुटे पांढरे ठिपके म्हणजे धूळ. धुळीसाठी लेन्स उघडूच नये. फोटोत ती दिसत नाही, आणि बंद करताना तेवढीच नवी धूळ आत जाते.

आपल्या सातारा जिल्ह्यात हा त्रास सगळीकडे सारखा नाही. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, माण तालुक्यात त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. त्यामुळे पाटण, मेढा, वाई या बाजूच्या लेन्समध्ये बुरशी, तर दहिवडी-म्हसवडकडच्या लेन्समध्ये फोकसच्या आट्यांत बारीक माती, असं साधारण गणित. आणि कास पठाराचा फुलांचा हंगाम आला की सातारा शहरातही भर पडते. धुक्यात, भुरभुर पावसात दिवसभर फुलांचे फोटो काढायचे आणि ओली बॅग तशीच कपाटात ढकलायची, याहून बुरशीला दुसरं काही लागत नाही. हवेतली आर्द्रता बरेच दिवस ६० ते ६५ टक्क्यांच्या वर राहिली की ती धरते. तिचे बीजाणू सगळ्या हवेत असतातच, त्यामुळे एका लेन्सची बुरशी शेजारच्या लेन्सला "लागेल" ही भीती फारशी खरी नाही. दोघींना दमट जागेत ठेवलं, हे खरं कारण.

उन्हात ठेवून बुरशी जाते का, हेही विचारलं जातं. उन्हाने तिची वाढ फार तर थांबेल, धागे काचेवर तसेच राहतील. वर ऊन तापलं की ग्रीस पातळ होऊन अ‍ॅपर्चरच्या पाकळ्यांवर, म्हणजे ब्लेडवर, उतरतं. आणि उघडी लेन्स खिडकीत ठेवली तर ती उन्हाचा झोत एका जागी आणून पडदासुद्धा पेटवू शकते.

आता हत्यारं. यात कंजूसपणा करायचा असेल तर काम हातीच घेऊ नका. जपानी लेन्सचे स्क्रू दिसायला फिलिप्ससारखे असले तरी ते जेआयएस या जपानी मापाचे असतात. साधा फिलिप्स त्यांत पूर्ण बसत नाही, जोर दिला की वर सरकतो आणि स्क्रूचं डोकं खातो. जेआयएसचे ०० आणि ००० हे दोन स्क्रूड्रायव्हर घ्या, शिवाय १ ते १.५ मिलिमीटर पात्याचा एक चपटा. काचा धरून ठेवणाऱ्या रिंगांना समोरासमोर दोन खाचा असतात, त्यासाठी लेन्स स्पॅनर लागतो. व्हर्निअर कॅलिपरच्या टोकांनी काम भागवणारे पुष्कळ आहेत, पण ती टोकं घसरली की काचेवर चरा ठरलेला. लेन्सचं नाव लिहिलेल्या पुढच्या रिंगेला बऱ्याचदा खाचाच नसतात, ती घर्षणाने फिरवावी लागते. त्यासाठी म्हाताऱ्या माणसांच्या काठीला खालून लावतात ते रबरी बूच घ्या. मेडिकलमध्ये मिळतं आणि मधल्या खड्ड्यामुळे काचेला टेकत नाही. शिवाय हवेचा रबरी फुगा, सोनारी चिमटा, लेन्स टिश्यू, आणि काम करायला एक परात. परातीत पांढरा टॉवेल अंथरायचा. अ‍ॅपर्चर रिंगेखाली जेमतेम मिलिमीटर-दीड मिलिमीटरची पोलादी गोळी स्प्रिंगवर बसलेली असते, तिच्यामुळेच टक् टक् आवाज येतो. रिंग उचलली की ती उडते. परातीत पडली तर सापडते, फरशीवर पडली तर विसरा.

सर्जिकल स्पिरिट नको, त्यात तेलकट अंश असू शकतो. मेडिकलमधल्या ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमधलं पाणी डाग सोडतं. ९९ टक्केवालं मोबाईल दुरुस्तीच्या सामानाच्या दुकानात मिळतं, ते घ्या. हायड्रोजन पेरॉक्साईडच्या बाटलीवर बहुधा २० व्हॉल्यूम लिहिलेलं असतं, म्हणजे ६ टक्के. त्यात तेवढंच डिस्टिल्ड वॉटर घालून ३ टक्क्यांचं करा. ते पाणी बॅटरीच्या दुकानात मिळतं. आरओचं चालणार नाही, त्यात क्षार उरलेले असतात.

५० मिलिमीटरच्या बहुतेक जुन्या लेन्सची आतली रचना सारखीच असते: पुढे काचांचा एक गट, मध्ये अ‍ॅपर्चर, मागे दुसरा गट. बुरशी आणि तेलाचं धुकं सर्वांत जास्त सापडतं ते अ‍ॅपर्चरकडे तोंड केलेल्या दोन काचांवर. म्हणजे अनेकदा फक्त मागचा गट आख्खा फिरवून काढला की निम्मं काम झालं, पुढच्या बाजूला हात लावायची गरजच नाही. सुरुवात नेहमी मागून करून बघा. आणि लागेल तेवढंच उघडा.

रिंग हलत नसेल तर जोर वाढवू नका. कारखान्यातच तिच्या आट्यांवर लाखेसारखा थेंब लावलेला असतो. काडीच्या टोकाने ॲसिटोनचा एक बारीक थेंब आट्यांवर सोडा, पंधरा-वीस मिनिटं थांबा, मग फिरवा. ॲसिटोन अंकांच्या रंगावर, प्लास्टिकवर किंवा काचेच्या कडेच्या काळ्या रंगावर गेलं तर तो रंग उतरलाच म्हणून समजा. प्रत्येक टप्प्याला मोबाईलवर फोटो काढा. काच बाहेर येण्याआधी तिची कोणती बाजू पुढे आहे ते लिहून ठेवा, काचेच्या कडेवर पेन्सिलीने बारीक बाण केला तरी चालतो. दोन बाजूंची गोलाई जवळजवळ सारखी दिसते, आणि काच उलटी बसली तर सगळं नीट बसल्यासारखं वाटतं, फोटो मात्र कडेला पिठूळ येतात. मग माणूस दोन दिवस फोकसला दोष देत बसतो.

काच बाहेर आली की आधी फुग्याने हवा मारा, कोरडी कधीच पुसू नका. लेन्स टिश्यूचा तुकडा पेरॉक्साईडमध्ये भिजवून बुरशीवर पाच ते दहा मिनिटं नुसता ठेवा. मग नव्या तुकड्याने मध्यापासून कडेकडे गोल फिरवत पुसा. तुकडा एकदाच वापरायचा. त्यानंतर डिस्टिल्ड वॉटर, शेवटी अल्कोहोलचा एक हात. टिश्यू ओलसर हवा, थेंब गळणारा नको, नाहीतर द्रव कडेने दोन काचांच्या फटीत जातो. चिकटवलेली काच गरम पाण्यात बुडवायची नाही. नंतर काचेवर तोंडाची वाफ सोडून बघा. वाफ सारखी उडत गेली तर काच स्वच्छ आहे, कुठे नक्षी उमटली तर तिथे अजून काही उरलंय.

एवढं करूनही धाग्यांची पुसट खूण दिसत असेल तर ती बुरशी नाही, बुरशीच्या आम्लाने काचेवरचं कोटिंग खाल्लेलं आहे. ते परत येत नाही. टूथपेस्ट, सेरियम ऑक्साईड (काच पॉलिश करायची पावडर) असले उपाय ऐकून घासायला बसू नका, खुणेसोबत उरलेलं कोटिंगही निघून जाईल. फिकट खूण असलेली लेन्स फोटो चांगलेच देते, फार तर समोरून प्रकाश आला की कॉन्ट्रास्ट थोडा उतरतो.

ब्लेडवर तेलाची चकाकी दिसली तर तेही याच वेळी उरका. अ‍ॅपर्चरची ब्लेड पूर्ण कोरडी चालायला हवीत, तिथे तेलाचा थेंबसुद्धा नको. तेलकट ब्लेड शटर उघडण्याआधी वेळेत मिटत नाहीत आणि फोटो जास्त उजळ येतात. शिलाई मशीनचं तेल घालून "मोकळी" केलेली ब्लेड पाहिली की कपाळाला हात लागतो. दोन्ही गट काढलेले असताना ब्लेड मिटवा, लायटरच्या पेट्रोलने ओलसर केलेल्या काडीने हलके पुसा, उघडा, वाळू द्या, पुन्हा मिटवा. चार-पाच वेळा हे करावं लागतं, कारण पाकळ्यांच्या मधलं तेल हळूहळू बाहेर येतं. ब्लेड ओली असताना जोरात फिरवली तर एकमेकींना चिकटून वाकतात. खिडक्या उघड्या ठेवा आणि देवघरातली समई आधी विझवा, हे पेट्रोल आहे.

फोकसची रिंग जड झाली असेल तर मात्र दहा वेळा विचार करा, कारण घरच्या कामात सर्वांत जास्त लोक इथे अडकतात. फोकसचे आटे एका जागी सुरू होत नाहीत, परिघावर अनेक ठिकाणी सुरू होतात आणि त्यांतली एकच जागा बरोबर असते. आधी रिंग अनंतावर, म्हणजे सर्वांत दूरच्या फोकसच्या ∞ खुणेवर, आणून शेजारच्या भागावर सुईने आडवी रेघ ओढा. रिंगेचं फिरणं अडवणारे स्क्रू काढा, सावकाश फिरवत जा आणि आटे सुटतात त्या क्षणी दोन्ही भागांवर दुसरी खूण करा. ही दुसरी खूण चुकली की सगळं चुकलं: आटे कुठेही बसतात, पण फोकस अनंताला पोचत नाही किंवा त्याच्या पुढे जातो. जुनं ग्रीस त्याच लायटरच्या पेट्रोलने आणि जुन्या टूथब्रशने पूर्ण काढा. नवं हेलिकॉइडचं (म्हणजे फोकसच्या आट्यांचं) मध्यम घट्ट ग्रीस हरभऱ्याच्या डाळीएवढं पुरे. आट्यांवर नुसती झाक दिसली पाहिजे. व्हॅसलिन लावलं तर पहिल्याच एप्रिलमध्ये ते वितळून ब्लेडवर येईल.

जोडून झालं की अनंत तपासायचं. साताऱ्यात यासाठी अजिंक्यताऱ्यावरचा टीव्ही टॉवर आयता आहे. ५० मिलिमीटरच्या लेन्सला किलोमीटरभर अंतर म्हणजे अनंतच, आणि टॉवरच्या बारीक लोखंडी रेषांवर फोकस चटकन कळतो. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं ठेवून बघा. रेषा सर्वांत धारदार दिसतात तिथे रिंगेवर अनंताची खूण यायला हवी. येत नसेल तर फोकस रिंगेच्या रबराखालचे स्क्रू, बहुधा तीन असतात, सैल करून रिंग तेवढी फिरवा आणि पुन्हा आवळा. हे काम शक्यतो मूळ फिल्म कॅमेऱ्यावर करा. डिजिटल कॅमेऱ्यावर चढवायचे स्वस्त अडॅप्टर मुद्दाम थोडे पातळ केलेले असतात, त्यांच्यावर लेन्स अनंताच्या पुढे जाते. एम४२ या जुन्या स्क्रू माउंटचं, लेन्स टेकते त्या कडेपासून फिल्मपर्यंतचं माप ४५.४६ मिलिमीटर आहे आणि यात दशांश मिलिमीटरचा फरकसुद्धा दिसतो.

काही लेन्स उघडायच्याच नाहीत. झूम, ऑटोफोकस, आत रिबन केबल असलेल्या. जुन्या स्टुडिओतून मिळालेली यशिका मॅट (एकावर एक दोन लेन्स असलेला कॅमेरा) मात्र सोपी: फोटो घेणाऱ्या ८० मिलिमीटर लेन्सचा पुढचा गट शटरमधून फिरवून निघतो, मागचा कॅमेऱ्याचं मागचं दार उघडून. सुपर टाकुमार ५० मिलिमीटर १.४ पिवळी पडली असेल तर तो पुसायचा डाग नव्हे. तिच्या एका काचेत थोरियम आहे, त्या किरणोत्साराने काच पिवळी होते. यूव्ही एलईडीखाली काही दिवस ठेवली की पिवळेपणा उतरतो. ती काच घासू मात्र नका.

साफ झालेली लेन्स चामड्याच्या केसमध्ये परत ठेवली तर पुढच्या भाद्रपदात पुन्हा हेच काम. चामडं ओल धरतं आणि बुरशी त्यावर पोसते. डांबरगोळ्याही नकोत, त्यांची वाफ काचेवर बसते. तांदूळही नको, पीठ सुटतं. रबरी कडेचा हवाबंद डबा, त्यात केशरी सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये राहू द्या. जेल हिरवट झालं की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन तास तापवा. ओव्हन नसेल तर लोखंडी तव्यावर मंद आचेवर हलवत राहा, पण तो तवा मग भाकरीला वापरायचा नाही. डबा पावसाळ्यातही पंधरवड्याने उघडून रिंगा दोन-चार वेळा फिरवाव्यात, फक्त तेवढ्यासाठी धुक्याचा दिवस निवडू नका.