तुम्ही विचारलंत म्हणून: एफए कपचा एकच हंगाम पाहायचा तर कुठला?

‘एफए कप समजून घ्यायला एकच हंगाम सांगा’ ही मागणी माझ्याकडे वरचेवर येते. एफए कप म्हणजे इंग्लंडच्या फुटबॉल क्लबांची बाद पद्धतीची स्पर्धा. मागणारे बहुतेक जण प्रीमियर लीग बघत वाढलेले असतात. लीगचा हिशेब त्यांना तोंडपाठ असतो: अडतीस सामने, ज्याचे गुण जास्त तो विजेता. पण कोण कुणाशी खेळणार हे सोडतीवर ठरतं आणि एका दुपारी हरलं की खेळ आटोपतो, अशा स्पर्धेवर इंग्लंडमधल्या माणसांनी दीडशे वर्षं जीव का टाकावा, हे त्यांना जाणून घ्यायचं असतं. माझं उत्तर आजवर बदललेलं नाही. १९७२-७३. संडरलंड या क्लबचं वर्ष.

या वर्षातले दोन क्षण बऱ्याच जणांना माहीत असतात. अंतिम सामन्यात संडरलंडचा गोलरक्षक जिम मॉन्टगोमेरीने लागोपाठ अडवलेले दोन फटके, आणि शिट्टी वाजल्यावर डोक्यावर हॅट, अंगावर रेनकोट अशा वेशात मैदानात धावत सुटलेले व्यवस्थापक बॉब स्टोको. संडरलंडच्या आजच्या स्टेडियमबाहेर स्टोकोंचा पुतळा आहे, तोही त्याच धावेतला. दोन्ही क्षण मला प्रिय आहेत. पण संडरलंड वेम्बलीपर्यंत, म्हणजे लंडनमधल्या अंतिम सामन्याच्या मैदानापर्यंत, पोचलं कसं, ते पाहिल्याशिवाय हा हंगाम कळत नाही, आणि एफए कपही कळत नाही.

आधी शहराबद्दल थोडं. वेअर नदीच्या मुखाशी वसलेलं, जहाजबांधणीवर जगणारं गाव. आजूबाजूला डरहॅमच्या कोळसा खाणी. एके काळी क्लब मोठा. १९३६ मध्ये लीग जिंकलेली, १९३७ मध्ये कप. त्यानंतर मात्र उतरणच. १९७२ च्या नोव्हेंबरअखेर स्टोको आले तेव्हा संडरलंड दुसऱ्या डिव्हिजनच्या, म्हणजे लीगच्या वरून दुसऱ्या पायरीच्या, तळाजवळ होतं आणि रोकर पार्क या त्यांच्या तेव्हाच्या मैदानाचे कट्टे ओस पडू लागले होते. त्यात स्टोको खाणकामगाराचा मुलगा असले तरी खेळाडू म्हणून न्यूकॅसलचे, म्हणजे शेजारच्या हाडवैऱ्याचे. १९५५ चा कप त्यांनी न्यूकॅसलकडूनच जिंकलेला. अशा माणसाला संडरलंडने काही आठवड्यांत आपलं मानलं, आणि त्या काही आठवड्यांत जे घडलं ते सगळं कपमुळे.

पहिल्या दोन डिव्हिजनचे संघ जानेवारीत, तिसऱ्या फेरीपासून स्पर्धेत येतात. तोवर खालचे शेकडो क्लब एकमेकांशी भिडून गाळले गेलेले असतात. मानांकन नाही. सोमवारी दुपारी रेडिओवर सोडत व्हायची आणि ज्याच्या नावाचा चेंडू आधी निघेल त्याच्या मैदानावर सामना. बरोबरी झाली की फेरसामना व्हायचा, तोही दुसऱ्याच्या मैदानावर, बहुतेकदा तीन-चार दिवसांत. तोही बरोबरीत सुटला की आणखी एक. १९७१ मध्ये पात्रता फेरीत ॲल्व्हचर्च आणि ऑक्सफर्ड सिटी यांच्यातला निकाल लागायला सहा सामने लागले, तब्बल अकरा तासांचा खेळ. मला हा नियम फार आवडतो. निकाल लागेपर्यंत खेळा, एवढंच तो सांगायचा.

संडरलंडचा पहिला सामना नॉट्स काउंटीशी, त्यांच्या मैदानावर. काउंटी तिसऱ्या डिव्हिजनमधली. संडरलंड मागे पडलं होतं. डेव्ह वॉटसनच्या गोलने १-१ झालं, आणि घरी फेरसामना २-० ने जिंकला. पुढच्या फेरीत चौथ्या डिव्हिजनचं रेडिंग रोकर पार्कवर आलं. त्यांचे व्यवस्थापक होते चार्ली हर्ली, संडरलंडच्या प्रेक्षकांचे सर्वांत लाडके जुने खेळाडू. पुन्हा १-१. या वेळी नियम उलटा फिरला आणि संडरलंडला रेडिंगला जावं लागलं. तिथे ३-१. दोन फेऱ्या, चार सामने, समोर खालच्या डिव्हिजनचे संघ. तिथवर या संघाकडे कुणी वळून पाहिलं नसणार.

मग सोडतीत निघालं मँचेस्टर सिटी, त्यांच्या घरी. कॉलिन बेल, फ्रान्सिस ली, माइक समरबी, रॉडनी मार्श अशा नावाजलेल्या खेळाडूंचा संघ. संडरलंड २-२ अशी बरोबरी करून परतलं. आणि मंगळवारी, २७ फेब्रुवारीच्या रात्री, दिव्यांच्या प्रकाशात रोकर पार्कवर पन्नास हजारांवर माणसं लोटली. माझ्या लेखी सगळ्या हंगामाचा जीव या एका रात्रीत आहे. पेनल्टी क्षेत्राच्या उजव्या कडेवरून व्हिक हॅलमने मारलेला चेंडू तिरका जात समोरच्या वरच्या कोपऱ्यात घुसला. रोकर पार्कवर असा गोल पुन्हा झाला नाही, असं सांगणारे जुने चाहते आजही भेटतात. हॅलमला स्टोकोंनी याच महिन्यात ल्यूटनकडून आणलं होतं. बिली ह्यूजने आणखी दोन मारले, लीने सिटीचा एक फेडला. ३-१. काही महिन्यांपूर्वी ओस पडत चाललेल्या त्या मैदानाला त्या रात्री आपल्या ताकदीची जाणीव झाली, असं मला वाटतं.

त्यानंतर ल्यूटनला घरीच २-० ने हरवलं. उपांत्य सामना ७ एप्रिलला शेफील्डच्या हिल्सबरोवर, आर्सेनलशी. आर्सेनल आधीच्या दोन्ही वर्षी अंतिम सामना खेळलेलं. हॅलम आणि ह्यूजने गोल केले, चार्ली जॉर्जने एक परत केला, २-१.

५ मे १९७३. वेम्बलीवर एक लाख प्रेक्षक, पाऊस, आणि समोर व्यवस्थापक डॉन रेव्हींचं लीड्स, आदल्या वर्षीचं विजेतं. ब्रेमनर, जाइल्स, हंटर, क्लार्क, लॉरिमर: जवळजवळ सगळे आपापल्या देशाकडून खेळलेले. संडरलंडच्या अकरा जणांत तोवर देशाच्या मुख्य संघातून खेळलेला एकही नव्हता. ३२ व्या मिनिटाला ह्यूजने कॉर्नर घेतला. लीड्सचा बचाव वॉटसनकडे ओढला गेला, चेंडू इयन पोर्टरफील्डकडे आला. त्याचा भरवशाचा पाय डावा. त्याने चेंडू मांडीवर घेतला आणि उजव्या पायाने जाळीत मारला.

उरलेला तासभर लीड्स चढाई करत राहिलं. ट्रेव्हर चेरीने सूर मारून हेडर मारला, मॉन्टगोमेरीने तो बाहेर ढकलला, पण चेंडू पडला लॉरिमरच्या पायाशी. इंग्लंडमधला सर्वांत जोरकस फटका ज्याचा, तो लॉरिमर, आणि गोल काही पावलांवर. मॉन्टगोमेरी जमिनीवरून उसळला आणि चेंडू त्याच्या हातांना लागून आडव्या खांबावर आदळला. डिक मलोनने तो दूर मारला. हे चलच्चित्र मी असंख्य वेळा पाहिलंय आणि दर वेळी लॉरिमरचा गोल झालाच असं वाटतं. मॉन्टगोमेरी मूळचा त्याच शहरातला. क्लबसाठी सहाशेहून अधिक सामने खेळला, इंग्लंडच्या मुख्य संघातून एकही नाही. इंग्लंडच्या निवडकर्त्यांनी हे कसं होऊ दिलं, हे मला कधीच पटलेलं नाही.

१-०. दुसऱ्या डिव्हिजनच्या संघाने कप जिंकण्याची १९३१ नंतरची ही पहिलीच वेळ.

आता हाच हंगाम सुचवण्याचं कारण. संडरलंडचे पहिले तिन्ही प्रतिस्पर्धी फेरसामन्यात हरले. त्या दिवशीच जादा वेळ आणि पेनल्टी असा निकाल लावला असता, तर सिटीच्या मैदानावरच्या बरोबरीनंतर काय झालं असतं ते सांगता येत नाही. पण मंगळवारची ती रात्र झालीच नसती, हे नक्की. आदल्या वर्षी लीगबाहेरच्या हेरफर्डने न्यूकॅसलला हरवलं, रॉनी रॅडफर्डच्या त्या चिखलातल्या गोलची आठवण सगळे काढतात, तेही फेरसामन्यातच; न्यूकॅसलच्या मैदानावर २-२ अशी बरोबरी केल्यामुळेच मोठा संघ हेरफर्डच्या छोट्या मैदानावर आला. दुबळ्या संघाला परक्या मैदानावर बरोबरीपर्यंत टिकण्याचं बक्षीस म्हणून बलवान संघ आपल्या दारात यायचा. अशा सामन्यांच्या तिकीटविक्रीतून मिळणाऱ्या पैशावर तर कित्येक छोट्या क्लबांचं वर्ष निभायचं.

१९९१-९२ पासून एकच फेरसामना आणि मग पेनल्टी असं झालं. २०२४-२५ पासून पहिल्या फेरीपासून पुढे फेरसामने पूर्ण बंद. मोठ्या क्लबांच्या खेळाडूंवर सामन्यांचा भार फार वाढलाय, हे खरं आहे आणि मी ते नाकारत नाही. लीड्सलाही अंतिम सामन्यानंतर अकरा दिवसांनी ग्रीसमध्ये मिलानशी युरोपातल्या कप विनर्स कपचा अंतिम सामना खेळावा लागला, तोही ते हरले. पण हा भार कपच्या चार-पाच मंगळवारांनी आणलेला नाही. युरोपातल्या स्पर्धा वाढवायच्या, परदेश दौरे करायचे, आणि जागा करायला मात्र छोट्या क्लबांचा हक्क काढून घ्यायचा, हे अन्यायाचं आहे. खालच्या डिव्हिजनच्या अनेक क्लबांनी तेव्हा उघडपणे विरोध केला. त्यांना आधी विचारलंही गेलं नव्हतं.

संडरलंड त्या हंगामात लीगमध्ये सहावं आलं. वर्षभरात टुअर्ट आणि हॉर्सविल हे संघातले दोन खेळाडू सिटीकडे गेले; ज्यांना हरवलं त्यांच्याचकडे. पोर्टरफील्ड पुढे प्रशिक्षक झाला, १९९३ च्या विमान अपघातात जवळजवळ अख्खा संघ गमावलेल्या झांबियाला त्याने पुन्हा उभं करायला मदत केली, आणि २००७ मध्ये आर्मेनियाचा प्रशिक्षक असतानाच गेला.

तर विचारलंत म्हणून सांगतो: वेम्बलीचा सामना जरूर बघा, पण आधी सिटीविरुद्धच्या फेरसामन्याचं जे काही चित्रण मिळेल ते शोधा. हॅलमचा गोल पाहताना आवाज बंद ठेवू नका.