एवढं बांधलं आणि सोडून गेले?

अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात, न्यूपोर्टला, जुन्या धनाढ्यांनी बांधलेले उन्हाळी महाल दाखवून पाहुण्यांना घरी आणताना गाडीत हा प्रश्न ठरलेला असतो : इतका पैसा ओतून बांधलेली घरं त्या लोकांनी सोडली कशी? तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते. ही घरं नुसती पैसा खायची, कमवायची काहीच नाहीत.

आपण आत फिरून आलो ते ‘ब्रेकर्स’च घ्या. कॉर्नेलियस व्हँडरबिल्ट दुसरे हे रेल्वेच्या पैशाचे वारस. त्यांचं इथलं आधीचं लाकडी घर १८९२ मध्ये जळालं. मग रिचर्ड मॉरिस हंट या वास्तुविशारदाकडून त्यांनी ७० खोल्यांचा हा दगडी महाल बांधून घेतला. १८९५ मध्ये तो उभा राहिला. आगीची धास्ती एवढी, की बॉयलरसुद्धा घराखाली ठेवला नाही. तो दूर, आवाराच्या कडेला जमिनीखाली, आणि तिथून घरापर्यंत बोगदा. न्हाणीघरातल्या नळांना गोडं पाणी वेगळं, समुद्राचं खारं वेगळं, दोन्ही गरम आणि गार. मला तरी सोनेरी दिवाणखान्यांपेक्षा तिथलं स्वयंपाकघर जास्त वेळ पाहावंसं वाटतं. राबणारे हात नसते तर त्या महालात एक दिवससुद्धा निघाला नसता. आणि हा सगळा खटाटोप उन्हाळ्यातल्या काही आठवड्यांसाठी! मालकांना तर १८९६ मध्येच पक्षाघात झाला, १८९९ मध्ये ते गेले.

घरामागे शेती नाही, कुळांकडून येणारा खंड नाही. पैसा यायचा तो न्यूयॉर्कच्या शेअर्समधून, आणि दर पिढीला त्याच्या वाटण्या व्हायच्या. १९१३ मध्ये घटनादुरुस्ती होऊन आयकर आला. घरकाम करणाऱ्या मुलींना कारखान्यांत, कचेऱ्यांत कामं मिळू लागली. त्याच कुटुंबाचं न्यूयॉर्कमधल्या फिफ्थ ॲव्हेन्यूवरचं अवाढव्य घर १९२६ मध्ये विकलं गेलं, ते पाडण्यासाठीच. त्याचं फाटक तेवढं सेंट्रल पार्कमध्ये उरलंय. ‘ब्रेकर्स’ वाचलं, कारण कॉर्नेलियस यांची मुलगी ग्लॅडिस हिने १९४८ मध्ये ते वर्षाला १ डॉलर भाड्याने न्यूपोर्टच्या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेला दिलं. १९७२ मध्ये संस्थेने ते विकतच घेतलं. हे घडलं नसतं तर इथेही आज काही दिसलं नसतं, हे मनात आलं की त्या बाईंबद्दल फार आदर वाटतो.

कॉर्नेलियस यांचे धाकटे भाऊ जॉर्ज यांनी मात्र नॉर्थ कॅरोलायनात ॲशव्हिलला वेगळंच केलं. ‘बिल्टमोर’ हे त्यांचं २५० खोल्यांचं घर, पण भोवती सुमारे सव्वा लाख एकर जमीन घेतली, शास्त्रीय पद्धतीने जंगल राखलं, दुग्धव्यवसाय काढला. १९१४ मध्ये ते वारल्यावर पत्नी ईडिथ यांनी त्यातला मोठा वनप्रदेश सरकारला विकला; त्यातूनच आजचं पिसगा राष्ट्रीय वन उभं राहिलं. मंदीत, १९३० मध्ये, घर तिकीट लावून लोकांना खुलं झालं. ते अजूनही त्याच घराण्याकडे आहे. तेव्हा सगळेच सोडून गेले असं नाही. पुढच्या खेपेला चार दिवस जास्त काढून या, आपण तिकडेही जाऊ.