कडेवर लेकरू, बोटात रोझरी : पुणे ते हरेगाव पायी

श्रीरामपूरजवळच्या हरेगावला, मतमाउलीच्या म्हणजे येशूची आई मारिया हिच्या यात्रेला पुण्याहून पायी निघायचं म्हटलं की लहान लेकरांच्या आया पायांबद्दल फारसं विचारत नाहीत. त्या विचारतात, "मूल कडेवर असताना प्रार्थना कधी करायची?" घरीही त्यांची हीच अडचण असते. रोझरी, म्हणजे मारियेच्या प्रार्थनेची जपमाळ, हातात घेतली की पोर उठतं, बायबल उघडलं की कोणीतरी पडतं, आणि रात्री पाठ टेकताना एकच टोचणी राहते, आजही देवाला वेळ दिला नाही. आमचं ठाम मत आहे की अशा बाईने ही वारी जरूर चालावी. फक्त तिची आखणी लेकरांच्या भुकेवर आणि झोपेवर करावी. धडधाकट पुरुषांच्या चालीवर आखलेल्या वारीत आई दुसऱ्याच दिवशी टेम्पोत बसते आणि मग शेवटपर्यंत उतरत नाही.

यात्रा भरते ती 8 सप्टेंबरच्या, म्हणजे मारियेच्या जन्माच्या सणाच्या आगेमागे येणाऱ्या शनिवार-रविवारी. आम्ही नाना पेठेतल्या सिटी चर्चपासून निघतो. सवाई माधवराव पेशव्यांनी आपल्या फौजेतल्या ख्रिस्ती शिपायांसाठी दिलेल्या जागेवर 1792 मध्ये हे चर्च उभं राहिलं. तिथून नगर रोड धरायचा : वाघोली, शिक्रापूर, रांजणगाव, शिरूर, सुपे, नगर, मग मनमाड रस्त्याने राहुरी आणि पुढे श्रीरामपूर, हरेगाव. सगळं मिळून सुमारे 190 किलोमीटर. नऊ दिवस धरले तर रोजचे साधारण 21 होतात आणि नोव्हेना, म्हणजे सणाआधीची नऊ दिवसांची प्रार्थनाही चालण्याबरोबरच पूर्ण होते. नगर ते राहुरी हे अंतर 35 किलोमीटरच्या वर आहे. ते एका दिवसात उरकायला जाऊ नये, मध्ये मुक्काम टाकावाच.

पहाटे साडेचारला पाऊल उचलायचं. कडेवरची मुलं तेव्हा झोपेत असतात, त्यामुळे पहिले दोन तास आईला मोकळे मिळतात. साडेनऊला थांबायचं, दुपार सावलीत काढायची आणि चारला पुन्हा निघून अंधार पडायच्या आत मुक्काम गाठायचा. वाघोली ते शिक्रापूर या टप्प्यात ट्रक आणि कंटेनर अंगावरून जातात. तिथे समोरून येणारी वाहनं दिसतील अशा उजव्या कडेने, एकामागे एक चालायचं. पुढच्याच्या आणि शेवटच्याच्या हातात टॉर्च आणि सगळ्यांच्या पाठीवर चमकणारी पट्टी हवी. पाच वर्षांच्या आतलं मूल या टप्प्यात खाली सोडायचंच नाही. ते सोबतच्या छोट्या टेम्पोत (छोटा हत्ती) बसेल, आणि त्याची आईही तिथे बसली तर तिची वारी मोडली असं कोणी म्हणू नये.

आता प्रार्थना. एका रोझरीला वीसेक मिनिटं लागतात. मुलांसोबतच्या चालीत तेवढ्यात एक-सव्वा किलोमीटर होतो. पण एकोणसाठ मण्यांची माळ आणि मुलाचा हात एकत्र सांभाळता येत नाही. माळ लोंबते, मूल ती ओढतं, दोरा तुटतो. म्हणून आम्ही अंगठीची रोझरी वापरतो. धातूची साधी अंगठी, कडेने दहा बारीक उंचवटे आणि वर एक छोटा क्रूस. ती तर्जनीत घालायची आणि त्याच हाताच्या अंगठ्याने एकेक उंचवटा पुढे सरकवायचा. दुसरा हात मुलासाठी मोकळा राहतो. "नमो मारिया" म्हणता म्हणता मुलाने "आई, शू" म्हटलं की अंगठा आहे तिथेच दाबून धरायचा. शू झाली, चड्डी बदलली, पाण्याचा घोट झाला की अंगठ्याखाली आहे तिथून पुढे. पहिल्यापासून सुरू करायचं नाही. हा नियम आम्ही कटाक्षाने पाळतो, कारण दर वेळी पहिल्यापासून धरणारी बाई दोन दिवसांत रोझरी सोडून देते, असं आम्ही पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

रोझरीच्या प्रत्येक दशकाबरोबर, म्हणजे दहा "नमो मारिया"बरोबर, येशू-मारियेच्या जीवनातला एक प्रसंग मनात आणायचा असतो, त्याला रहस्य म्हणतात. एका रोझरीत अशी पाच. ती वारानुसार ठरलेली असतात : सोमवार-शनिवार आनंदाची, मंगळवार-शुक्रवार दुःखाची, बुधवार-रविवार गौरवाची आणि गुरुवारी प्रकाशाची. ही शेवटची पोप जॉन पॉल दुसरे यांनी 2002 मध्ये जोडली. चालताना पाचही रहस्यं सलग झाली नाहीत तर पहाटे दोन, दुपारी थांब्यावर एक, संध्याकाळी दोन अशी वाटून घ्यावीत. अंगावर पाजणारी आई ढाब्याच्या आडोशाला बसली असेल तेव्हा बाकीच्यांनी तिच्याजवळ उभं राहून एक दशक म्हणावं. तिने फक्त "आमेन" म्हटलं तरी पुरतं.

बहुतेकींची खरी परीक्षा तिसऱ्या-चौथ्या दिवशी होते. पहिला उत्साह ओसरलेला असतो, टाचेला फोड आलेला असतो, मूल किरकिरत असतं आणि प्रार्थनेत काहीच जाणवत नाही. शब्द नुसते तोंडातून जातात. "माझ्यात श्रद्धाच उरली नाही, मी इथून परत जाते," हे वाक्य याच सुमारास निघतं. संत इग्नासियस लोयोला यांचा नियम इथे फार उपयोगी पडतो : मन कोरडं पडलेलं असताना आधी घेतलेला निर्णय बदलू नये, उलट प्रार्थना थोडी वाढवावी. आम्ही त्याचा सरळ अर्थ घेतो. परत जायचं की नाही हे दुपारी तीन वाजता ठरवायचं नाही. आधी खायचं, तासभर झोपायचं, एक दशक जादा म्हणायचं आणि मग बोलायचं. कोलकात्याच्या मदर तेरेसांनी वर्षानुवर्षं असा अंधार सोसला, हे त्यांच्या पत्रांवरून जगाला कळलं. त्यांचा सण 5 सप्टेंबरला, म्हणजे बहुधा वारीतच येतो. त्या दिवशी हा विषय आवर्जून काढावा. मनात काही न जाणवणं म्हणजे पाप नाही, हे आयांना कोणीतरी स्पष्ट सांगायला हवं.

अपराधाच्या टोचणीबद्दलही असंच स्पष्ट सांगायला हवं. रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, चुकली म्हणून रडणाऱ्या बाळंतिणी आम्हाला भेटतात. कॅथोलिक धर्मशिक्षणग्रंथाच्या 2181 व्या परिच्छेदात रविवारच्या मिस्साच्या बंधनातून सुटका देणाऱ्या गंभीर कारणांची उदाहरणं दिली आहेत. त्यात आजारपणाबरोबर तान्ह्या बाळाची काळजी असं लिहिलेलं आहे. कम्युनियनआधीचा, म्हणजे मिस्सात पवित्र भाकर घेण्याआधीचा उपवास फक्त एक तासाचा असतो आणि त्यात पाणी व औषध चालतं. तरीही काही जणी पुण्य म्हणून पहाटेपासून उपाशी चालतात आणि आठ वाजता चक्कर येऊन बसतात. अंगावर पाजणाऱ्या बाईने असा उपवास अजिबात करू नये.

वारीत मोठ्या मुलांच्या आयाही असतात. मुलगा चर्चला येईनासा झाला, पिऊ लागला, घरी बोलत नाही, हे त्यांचं ओझं असतं. संत मोनिकेचा सण 27 ऑगस्टला, निघायच्या थोडं आधी येतो. मुलासाठी वर्षानुवर्षं रडलेल्या या आईने ऑगस्टीनचा बाप्तिस्मा 387 च्या ईस्टरला पाहिला आणि त्याच वर्षी ती वारली. या बायकांना उपदेश नको असतो. त्यांच्या शेजारून गप्प चालणारी एखादी सोबतीण मात्र हवी असते.

पायांसाठी : नवी चप्पल-बूट अजिबात नको. महिनाभर वापरलेली आणि बोटांपुढे थोडी जागा असलेली वहाण घ्यावी. बोटांच्या मध्ये व्हॅसलीन लावावं आणि दुपारी मोजे बदलावेत. फोडाची कातडी सोलू नये. ताणून दुखत असेल तर स्वच्छ केलेल्या सुईने कडेला टोचून पाणी दाबून काढावं आणि वर गॉज लावून पट्टी करावी. नगरच्या पुढे पाऊस लागला तर काळ्या मातीचा चिखल तळव्याला थरावर थर चिकटतो आणि पाऊल जड होऊन गुडघे दुखतात. तिथे शेताच्या कडेची वाट सोडून डांबरावर यावं. झोळी जुन्या सुती साडीची बरी, पण बाळाची हनुवटी छातीला टेकलेली नसावी आणि तोंड सतत दिसत राहावं. खायला दशम्या, शेंगदाण्याची चटणी, राजगिऱ्याचे लाडू. ओआरएसची पुडी संपली तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावं. चमचा चहाचा. मीठ अंदाजाने टाकू नये, जास्त झालं तर लेकराला बाधतं. उरलेलं पाणी दुसऱ्या दिवशी फेकून द्यावं.

हरेगावात शिरल्यावर गर्दी इतकी असते की मूल हात सोडून दोन पावलं गेलं तरी दिसेनासं होतं. मोबाइल नंबर कापडाच्या पट्टीवर लिहून कॉलरच्या आतून शिवून टाकावा. बाहेर नाव लिहू नये, नावाने हाक मारणाऱ्या कोणाबरोबरही मूल जातं. पापनिवेदन नगरमध्येच उरकावं, कारण यात्रेतल्या रांगेत तान्हं मूल तासभर टिकत नाही. माउलीपुढे पोहोचल्यावर बायका मनातली लांबलचक यादी म्हणायला लागतात आणि मागच्या रेट्याने अर्ध्यात ढकलल्या जातात. त्यापेक्षा मागणं आदल्या रात्रीच कागदावर लिहून ठेवावं आणि समोर गेल्यावर मुलाला नुसतं उचलून दाखवावं. रविवारी मिस्सा संपल्यावर श्रीरामपूरच्या एसटी स्टँडवर जागा मिळणं अवघड होतं. टेम्पोवाल्याला परतीचं आधीच सांगून ठेवलेलं बरं.