मावळा धावला, पण लंगडत

रविवार अख्खा एका मावळ्यात गेला. ३२ बाय ३२ पिक्सेलचा मावळा, माझ्या छोट्या गेमसाठी.

सकाळी गिम्प हे चित्रांचं सॉफ्टवेअर उघडलं. चित्र जमलं, पण मोठं करताना इंटरपोलेशन (नवे पिक्सेल कसे भरायचे ते) 'क्युबिक'वरच राहिलं आणि मुंडाशाच्या कडा पिठल्यासारख्या पसरल्या. चूक माझीच. तिथे 'नन' (None) निवडायचं असतं, मग चौकोन चौकोनच राहतो. हे कळायला चहाचे तीन कप गेले.

मागच्या डोंगरांसाठी क्रिटा हे दुसरं सॉफ्टवेअर घेतलं. फुकट, आणि ब्रश एकदम झकास. (माझे सह्याद्रीचे कडे वडापावासारखे दिसतात, ते सोडा.)

पण मावळ्याला पळवायचं म्हटल्यावर एसप्राइटच (पिक्सेलची चित्रं हलवायचं सॉफ्टवेअर) हाताला बसलं. आधीची फ्रेम, म्हणजे हालचालीतलं आधीचं चित्र, खाली फिकट दिसत राहते, त्यामुळे पाय कुठून उचलायचा ते कळतं. विकत घ्यायचं नसेल तर त्याचा सोर्स कोड गिटहब या साइटवर आहे, स्वतःपुरतं कंपाइल करून (म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्रॅम बनवून) वापरता येतं. दोन तास तीच खटपट केली. शेवटी आई ओरडली, "अरे, घे की विकत! भाकरी गार झाली."

घेतलं.

आता ६ फ्रेममध्ये मावळा धावतोय. डावा पाय जरा लंगडतो. तलवार उद्या.