पायलीभर तूर आणि एक पौंड

परवा दप्तर टाकता टाकता लेक म्हणाली, "आई, शुक्रवारी एक पौंड लागेल." इकडे इंग्लंडात शाळांमध्ये अधूनमधून असा दिवस असतो. गणवेश न घालता घरचे कपडे घालून जायचं आणि त्याबद्दल पौंडभर द्यायचा. तिची मुलींची शाळा कित्येक वर्षांपासून केनियातल्या एका बालगृहाला मदत करते. मोठ्या वर्गातल्या मुली समिती चालवतात, केक विकतात, हिशेब फलकावर लावतात. आईबापांनी वेगळी देणगी दिली आणि ते इथले करदाते असले, तर नोंदणीकृत संस्थेला सरकार प्रत्येक पौंडामागे २५ पेन्स वरून देतं. सगळं कसं चोख.

मी पौंड काढून दिला आणि मला आमची तूर आठवली.

मी परतवाड्याकडची. आमच्या कन्या शाळेतून जवळच्या बालगृहाला दरवर्षी तुरीची डाळ जायची. माझी मोठी बहीण शिकत होती तेव्हाही जायची. महाशिवरात्रीच्या आधीचा शनिवार ठरलेला, कारण तोवर तूर घरात आलेली असते आणि कास्तकाराचा हात जरा सैल असतो. ज्यांचं वावर आहे त्यांनी पायलीभर आणायची. ज्यांचं नाही त्यांनी मूठभर आणली तरी चालायची, नाहीतर नुसतं निवडायला बसायचं. मग आठवडाभर शाळेच्या पटांगणात तेच. तूर भिजवा, तेलाचा हात लावा, उन्हात घाला, जात्यावर भरडा, पाखडा. चुणी शिपाईकाकांच्या म्हशीला. नववीच्या मुलींच्या केसांत, भुवयांत टरफलं.

सातवीत असताना आजीनं माझ्या पिशवीत गेल्या सालची तूर भरली. बाईंनी पिशवीत हात घातला, एक मूठ काढली आणि सगळ्यांसमोर सुपात पसरली. दाण्यांना भोकं, आणि त्यातून दोन भुंगे निवांत चाललेले.

"हे तुमच्या घरी शिजवता काय वं?"

मी रडत घरी. आजीनं आधी बाईंचाच उद्धार केला, "फुकटच्याले नावं ठेवते!" रात्री मात्र स्वतः कोठीतून नवी तूर काढली आणि पायली शीग लावून भरली. पुढं कधी त्यावर बोलली नाही.

डाळच का, हे बालगृहाच्या काकांनी एकदा सांगितलं होतं. वाढदिवसाचा केक आणणारे पुष्कळ. पितृपक्षात तर पुरणपोळ्या इतक्या येतात की पोरं तोंड फिरवतात. २६ जानेवारीला बुंदी असतेच. आखाडात मात्र कोणी फिरकत नाही, आणि पोरं जेवतात तर रोज. म्हणून आमची डाळ डब्यात बंद करून आखाडासाठी ठेवलेली असायची. बाईंनी आधी जाऊन विचारलं होतं, एवढंच.

लेकीला वझ्झरच्या शंकरबाबा पापळकरांबद्दलही सांगितलं. वझ्झर आमच्याकडचंच, अचलपूर तालुक्यातलं. टाकून दिलेली दिव्यांग मुलं त्यांनी वाढवली, वडील म्हणून स्वतःचं नाव दिलं. बालगृहातल्या मुलांना १८ वर्षं झाली की बाहेर पडावं लागतं. ज्याला स्वतःच्या हातानं घास घेता येत नाही त्यानं वाढदिवसानंतर जायचं कुठं, हा प्रश्न ते वर्षानुवर्षं मांडत आले. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. लेकीनं विचारलं, "मग तो नियम बदलला का?" पोरी नेमकं तेच विचारतात.

आता आम्ही जुन्या मैत्रिणी व्हॉट्सॲपवर ठरवून बालगृहाला पैसे पाठवतो. तिथला कारकून आधी विचारतो, "मॅडम, पासपोर्ट कोणता?" माझा भारतीय आहे, त्यामुळे माझे पैसे साधे बँकेतून जातात. कॅनडातल्या मैत्रिणीनं तिकडचं नागरिकत्व घेतलं, म्हणून तिची तीच रक्कम कायद्यानं परदेशी देणगी ठरते. ती घ्यायची तर संस्थेची वेगळी नोंदणी हवी, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर पैसे आधी दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यायला हवेत. आमच्या बालगृहाची ती नोंदणी नाही. पैशांवर नजर हवी, मान्य. पण पायलीभर तुरीएवढ्या रकमेलाही तोच चाप? मैत्रीण अजून धुसफुसते, "माही शाळा, माहं गाव, अन् मीच परदेशी!"

काल व्हिडिओ कॉलवर लेक माझ्या आईला शुक्रवारचे कपडे दाखवत होती. आईनं आधी यंदाच्या धुवारीनं तुरीचा फुलोरा कसा गळाला ते सांगितलं. मग पौंडाची सगळी हकिकत ऐकून म्हणाली, "पण त्या पोट्ट्यायले काय पायजे, हे पुसलं काय कोनं?"

लेकीला वऱ्हाडी अर्धंच कळतं. मी अर्थ सांगितला. शुक्रवारी ती समितीच्या मुलींना विचारणार आहे. पौंड मात्र तिनं आजच कुठंतरी हरवलाय, दुसरा द्यावा लागला.