गिटारचा घुमणारा जी: घरच्या ध्वनिमुद्रणाची तीन आठवड्यांची नोंद

गेले तीन आठवडे मी एकाच स्वराच्या मागे आहे. माझ्या ड्रेडनॉट म्हणजे मोठ्या पेटीच्या गिटारवर जी कॉर्ड छेडली, की सहाव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा तो खालचा स्वर ध्वनिमुद्रणात इतका घुमतो की बाकीच्या पाच तारा त्याच्याआड दडतात. प्रत्यक्ष वाजवताना मात्र हा दोष कानाला जाणवतही नाही. छोट्या डायफ्रॅमचा एक कंडेन्सर माइक, माइक संगणकाला जोडणारा दोन वाहिन्यांचा साधा इंटरफेस आणि दहा बाय अकरा फुटांची खोली, एवढीच माझी सामग्री आहे.

शेवटी संशय माइकच्या जागेवर गेला आणि तो खरा ठरला. मी माइक थेट साउंडहोलवर, म्हणजे पेटीच्या गोल छिद्रावर, रोखत असे, कारण आवाज तिथूनच येतो अशी माझी समजूत होती. वास्तविक आवाजाचा मोठा भाग वरच्या फळीच्या कंपनातून येतो. छिद्रातून मुख्यतः बाहेर पडतो तो पेटीतल्या हवेचा घुमारा. ड्रेडनॉटच्या पेटीतली हवा साधारण १०० हर्ट्झच्या आसपास डोलते आणि आपला खालचा जी ९८ हर्ट्झचा असतो, तेव्हा नेमका तोच स्वर का फुगतो हे वेगळे सांगायला नको. खात्रीसाठी मी साउंडहोलजवळ तोंड नेऊन खर्जात हुंकार भरला आणि स्वर हळूहळू चढवत नेला; एका जागी गिटारची पाठ पोटाशी एकदम थरथरली आणि ट्यूनरचा काटा एफ शार्प आणि जी यांच्या मध्ये थांबलेला दिसला. दार लावून केलेला हा प्रयोग घरच्यांना बाहेर ऐकू गेला, ते असो.

त्याआधीचा एक आठवडा मी इक्वलायझरवर, म्हणजे आवाजाचे ठरावीक पट्टे कमी-जास्त करण्याच्या साधनावर, वाया घालवला होता. १०० हर्ट्झचा पट्टा कापला की जी सुधारतो, पण त्याच तारेवरचे एफ आणि ए पोकळ होतात, म्हणजे एका स्वराचा दोष काढताना शेजारच्या स्वरांचा पाया जातो. दुसरी चूक गोधड्यांची. खोली ‘मऊ’ करावी म्हणून तीन भिंतींवर गोधड्या टांगल्या, आणि आवाज आणखीच बसका झाला. पातळ कापड वरच्या पट्टीतला आवाज शोषते, परंतु १०० हर्ट्झच्या लहरीची लांबी जवळजवळ साडेतीन मीटर असल्याने तिच्यापुढे गोधडीचे काहीच चालत नाही. परिणामी चमक गेली आणि घुमारा होता तसाच राहिला. आता एकच गोधडी उरली आहे, पाठीमागच्या भिंतीवर, आणि कोपऱ्यात कापसाची जाड गादी भिंतीपासून वीतभर अंतर सोडून उभी केली आहे.

खरा उलगडा धाकट्या भावामुळे झाला. वाजवणाऱ्याचे कान गिटारच्या वर आणि मागे असतात, माइकला पुढून काय ऐकू येते हे त्याला कळत नाही. म्हणून मी भावाला जी आणि सी आलटून पालटून वाजवायला बसवले आणि हेडफोन लावून माइक स्वतःच हातात धरून सावकाश फिरवला. साउंडहोलपासून नेककडे सरकताना बारा-पंधरा सेंटीमीटरांतच घुमारा उतरला आणि नेक पेटीला मिळते त्या सांध्याच्या आसपास तारा सुट्या होऊन खणखणीत ऐकू येऊ लागल्या. अंतर २५ सेंटीमीटर ठेवले आहे, कारण माझ्यासारखा कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचा आवाज टिपणारा, माइक त्याहून फार जवळ नेला की तो स्वतःहून खर्ज वाढवतो आणि आपण पुन्हा मूळपदावर येतो.

तरीही मधल्या पट्टीत एक नाकातला सूर शिल्लक होता. दोष टेबलाचा निघाला. गिटारचा आवाज माइकपर्यंत सरळ २५ सेंटीमीटर चालून येत होता आणि लॅपटॉपच्या टेबलावर आपटून सुमारे ६० सेंटीमीटर; या ३५ सेंटीमीटरच्या फरकाने ४९० हर्ट्झच्या आसपासचा आवाज अंशतः एकमेकांना मारत होता. खुर्ची फिरवून टेबलाकडे पाठ केली आणि तो सूर गेला. या एका गोष्टीने झालेला फरक माझ्या मते नव्या माइकनेही झाला नसता.

बाकीची मांडणी थोडक्यात देतो. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ; सर्वांत जोरदार फटका उणे १२ डेसिबलच्या पुढे जाऊ देत नाही; हाय-पास फिल्टर (ठरावीक पट्टीखालचा आवाज कापणारा) ६० हर्ट्झवर, कारण सहावी तार मोकळी ८२ हर्ट्झवर वाजते आणि तिला धक्का लागता कामा नये. पिक ०.७३ मिलिमीटरची. तारा फॉस्फर ब्राँझच्या, मुद्रणाच्या दोन दिवस आधी बदललेल्या, म्हणजे नवेपणाची किरकिर ओसरते. पावसाळी हवेने लाकूड फुगून ॲक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) थोडी वर आली आहे, म्हणून वाजवून झाले की गिटार सिलिका जेलच्या पुड्यांसह केसमध्ये बंद ठेवतो.

काल रात्री अकरानंतर पंखा बंद करून सहा टेक घेतले. जी आता इतर स्वरांच्या ओळीत बसतो. घुमारा गेल्यामुळे त्याखाली आजवर झाकलेले दोन आवाज मात्र उघडे पडले: तिसऱ्या टेकमध्ये बोटांची तारेवरची चरचर आणि सहाही टेकमध्ये, प्रत्येक अपस्ट्रोकला (खालून वर छेडताना), खुर्चीची करकर. आज स्वयंपाकघरातले लाकडी स्टूल आणून ठेवले आहे.