माळ्यावरचा गेम पुन्हा सुरू करताना

मे महिन्याच्या सुट्टीत भाचा आमच्याकडे गोव्यात डिचोलीला आला होता. जेवणं झाल्यावर सोप्यावर बसून त्यानं फोनवर जुने गेम चालवणारं कसलंसं ॲप उघडलं आणि सुपर मारिओ लावला. पहिल्या चार-पाच सुरांतच मला खटकलं. धून तीच, पट्टी तीच, पण मागून कुणी हाकलत असल्यासारखी धावत होती.

"तुझ्या फोनमध्ये काहीतरी बिघाड आहे," मी म्हटलं.

"मामा, ते असंच असतं."

देवळातल्या भजनात मी बरीच वर्षं पेटीवर बसतो. सूर इकडचा तिकडे झाला तर एकवेळ कळणार नाही, पण लय चुकली की पायाला कळतं. ही धून आमच्या घरात दोन वर्षं रोज संध्याकाळी वाजली होती. रोज ऐकून ती आईलाही पाठ झाली होती. तरी तीस वर्षांपूर्वीच्या आठवणीवर पैज लावायची हिंमत होईना. म्हटलं, तो गेम माळ्यावर असेल तर काढू आणि लावूनच बघू.

तो माझ्या मामानं आणला होता, १९९३ च्या चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला. मामा तेव्हा बाहरीनला होता. टँगचा डबा, चॉकलेटं, आजीसाठी टॉर्च आणि आम्हां मुलांसाठी हा 'टीव्ही गेम', सोबत दोन रिमोट आणि एक नारिंगी बंदूक. ऑगस्टात चवथीची साफसफाई निघाली तेव्हा मी माळ्यावर चढलो. जुन्या चादरीत गुंडाळलेला तो सापडला. सापडल्याचा आनंद मिनिटभर टिकला.

कॅसेट घालायच्या खाचेत कुंभारमाशीनं मातीचं घर बांधलं होतं. मागच्या फटीतून हलवून पाहिलं तर आत काहीतरी खुळखुळत होतं. नंतर कळलं, ती पालीच्या अंड्यांची कवचं. सगळ्यात वाईट काम मात्र कुठल्या किड्यानं केलं नव्हतं, आम्हीच केलं होतं. ठेवताना रिमोटची वायर डब्याभोवती नीट, घट्ट गुंडाळली होती. वायरचं आवरण पीव्हीसीचं. ते मऊ राहावं म्हणून त्यात घातलेलं द्रव्य वर्षानुवर्षं चिकटून राहिलं की शेजारच्या प्लास्टिकमध्ये उतरतं आणि त्याला विरघळवतं. वायर सोडवली तेव्हा खाली तिची हुबेहूब पन्हळ उमटलेली होती, मेणात दोरी दाबावी तशी. घरात जुना गेम असेल तर हा लेख पुढे वाचण्याआधी जाऊन वायर तेवढी वेगळी करा.

पन्हळीचा एक फेरा नेमका डब्याच्या पोटावरून, वीज जोडायच्या भोकाच्या वरून गेला होता. तिथे '९ व्होल्ट डीसी' एवढं वाचता येत होतं. त्यापुढे वर्तुळं आणि अधिक-उणेची जी खूण असते, ती वितळून गेली होती. मूळ ॲडॉप्टरचा पत्ता नव्हता. मी काय केलं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. घरात इंटरनेटच्या राउटरचा ९ व्होल्टचा ॲडॉप्टर पडून होता, पिन बरोबर बसली, मी बटण दाबलं.

फट्ट असा बारीक आवाज आला आणि मासळी करपल्यासारखा वास.

हल्लीच्या बहुतेक ॲडॉप्टरमध्ये मधली पिन अधिक असते. निन्टेन्डो कंपनीचं जपानी गेमयंत्र फॅमिकॉम आणि त्याच्या जातीच्या बऱ्याच यंत्रांना ती उणे लागते. नऊ व्होल्ट म्हणजे नऊ व्होल्ट, एवढंच मी पाहिलं. बाहेरून धूळ पुसायच्याही आधी वीज जोडायची घाई मला नडली. आता उघडण्यावाचून गत्यंतर नव्हतं. स्क्रू गंजले होते, त्यांवर शिलाई मशीनचं तेल रात्रभर सोडलं तेव्हा कुठे सकाळी हलले.

आत मला निन्टेन्डोचं नाव दिसेल अशी फार आशा होती असं नाही, पण थोडी होती. दिसलं ते यूएमसी. तैवानच्या या कंपनीच्या दोन चिपा, ६५२७पी आणि ६५३८. पहिली प्रोसेसर, दुसरी चित्र काढणारी. म्हणजे मामानं बाहरीनहून आणलेला गेम जपानच्या १९८३ च्या फॅमिकॉमची नक्कल होता. भारतात नव्वदच्या दशकात ज्यांनी ज्यांनी 'टीव्ही गेम' खेळला, त्यांतल्या बहुतेकांनी अशीच नक्कल खेळली आहे, त्यामुळे वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. शिवाय नंतरच्या नकलांमध्ये सगळं एका चिपीत कोंबून वर काळ्या डांबरासारखा थेंब ओतलेला असतो. तो बिघडला की हात टेकायचे. आमच्यात निदान वेगवेगळे भाग तरी होते.

तो बोर्ड घेऊन शुक्रवारी म्हापशाला गेलो. बाजारापासून थोडं आत एक काका अजून रेडिओ-टीव्ही दुरुस्त करतात. गिऱ्हाईक कमी, पण दुकान उघडं. त्यांनी बोर्ड डोळ्यांनी बघायच्या आधी नाकाला लावला.

"कपॅसिटर गेलो," ते म्हणाले. "पयलीं मीटर लाय, मागीर वीज दी. सगळे उरफाटे करतात."

आत येणाऱ्या विजेच्या तोंडाशी असलेला १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर फुगून फुटला होता. त्याच्या पुढचा ७८०५ नावाचा रेग्युलेटर, म्हणजे नऊ व्होल्टचे पाच करणारा तीन पायांचा काळा तुकडा, तोही गेला होता. चिपा मात्र वाचल्या. काकांनी दोन्ही भाग बदलले आणि वर न सांगता एक डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेनं जाऊ देणारा तुकडा, जोडला. "आता उलटं लावलंस तर चालणार नाही, पण जळणारही नाही." चुकणारा माणूस ओळखून त्याच्यासाठी सोय करून ठेवणारे कारागीर आता कमी झालेत. सगळे मिळून त्यांनी दीडशे रुपये घेतले. त्यात चहा त्यांचाच.

काकांच्या टेबलावरच्या छोट्या टीव्हीवर नुसता करडा पडदा दिसला. कॅसेट वाचली जात नव्हती, पण वीज चालत होती. पुढचं काम माझं होतं आणि तेच सगळ्यात लांबलं.

फॅमिकॉमच्या कॅसेटला ६० पट्ट्या असतात, तितकेच दात यंत्राच्या खाचेत. यांतला एक जरी नीट टेकला नाही तरी पडद्यावर रांगोळी. लहानपणी आम्ही काय करायचो? कॅसेट काढायची, फुंकायची, परत घालायची. चालायचीही. पण ती फुंकरीमुळे नव्हे, पुन्हा घातल्यामुळे चालायची. काढ-घाल करताना पट्ट्या घासल्या जातात आणि वेगळ्या जागी टेकतात. फुंकरीनं आम्ही दर वेळी तोंडाची वाफ तेवढी त्यावर सोडत होतो. त्यात गोव्याची हवा. जून ते सप्टेंबर इथे चपला कपाटात ठेवल्या तरी पांढरी बुरशी धरतात, मग तांब्याची काय कथा! आमच्या कॅसेटांच्या पट्ट्यांवर तांब्याच्या भांड्याला लागतो तसा हिरवट कळंक चढला होता.

खाचेतली माती आधी कोरडीच काढली. पाणी लावलं असतं तर तिचा चिखल होऊन दातांच्या मुळाशी गेला असता. दात कोरायच्या लाकडी काडीनं एकेक कण उकरायला दोन संध्याकाळी गेल्या. आत कोळ्यांच्या वाळलेल्या पायांचा ढीग होता. कुंभारमाशी पिल्लांसाठी कोळी भरून ठेवते हे शाळेत वाचलं होतं, ते असं उपयोगी पडलं. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल. औषधाच्या दुकानात मागितलं तर सर्जिकल स्पिरिट पुढे केलं. मला नव्व्याण्णव टक्क्यांचं हवं होतं, पाणी जवळजवळ नसलेलं. ते शेवटी पणजीत प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळालं. कान कोरायच्या कापसाच्या काड्या त्यात बुडवून पट्ट्या पुसल्या. पहिल्या काड्या काजळासारख्या निघाल्या, विसाव्या काडीपासून कापूस पांढरा राहू लागला. हिरवा डाग जिथे हटला नाही तिथे पेन्सिलीचं मऊ खोडरबर हलकेच फिरवलं. शाईचं खरखरीत खोडरबर मुळीच वापरू नका, पट्टीवरचा सोन्याचा मुलामा त्याच्याबरोबर जातो. एका कॅसेटवर मी तो घालवला आहे.

खाचेसाठी जुन्या पंचाची पातळ पट्टी कार्डाला गुंडाळली, अल्कोहोलमध्ये ओली केली आणि वीस-पंचवीस वेळा आत-बाहेर केली. सात कॅसेटांपैकी पाच चालू झाल्या. एकीवर '९९९९ इन १' असं लिहिलंय. लहानपणी आम्ही ते खरं मानून मोजत बसलो होतो. सातव्या गेमनंतर तेच गेम नाव बदलून परत येतात.

रिमोटचं फारसं सांगण्यासारखं नाही. आतले रबर धुतले, वाळवले. एका रिमोटची वायर मानेशी आतून तुटली होती. चार बोटं कापून पाच तारा रंग बघून पुन्हा डाग दिल्या.

रंगाचं मात्र सांगायला हवं, कारण तिथे मी हरलो. डब्याचं पांढरं प्लास्टिक जुन्या वर्तमानपत्रासारखं पिवळं पडलं होतं. एबीएस प्लास्टिक हवेनं, उजेडानं आणि उष्णतेनं बदलतं. आग लवकर पकडू नये म्हणून त्यात घालत आलेली ब्रोमीनची द्रव्यंही पिवळेपणाला हातभार लावतात. त्यावर जगभरचे हौशी लोक हायड्रोजन पेरॉक्साइड लावून वस्तू उन्हात ठेवतात. भर ऑगस्टात गोव्यात ऊन कुठून आणायचं? चवथीच्या आधी ते जमलंच नाही. पावसाळा सरल्यावर ऑक्टोबरात ब्यूटी पार्लरच्या सामानातली चाळीस व्हॉल्यूमची क्रीम आणली. त्यात बारा टक्के पेरॉक्साइड असतं. औषधाच्या दुकानातल्या बाटलीत सहाच टक्के. हातमोजे घालून क्रीम लावली, वर प्लास्टिकची पातळ फिल्म गुंडाळली, अंगणात ठेवली. दर तासाला फिरवायला हवी होती. मी दिवाळीसाठी नरकासुराचा पुतळा करणाऱ्या पोरांना कागद चिकटवायला मदत करण्यात रमलो. क्रीम जिथे वाळली तिथे आणि जिथे ओली राहिली तिथे वेगवेगळा रंग आला. आता डब्यावर ढगांसारखे चट्टे आहेत. आधीचं एकसारखं पिवळं शंभर पटींनी बरं होतं. शिवाय हा पांढरेपणा टिकेलच असंही नाही, कित्येकांचे डबे पुन्हा पिवळे झालेत. माझं ऐकाल तर साबणानं धुवा आणि रंगाच्या वाटेला जाऊ नका.

आता चवथीकडे परत येतो. यंत्र चालू, कॅसेटा चालू, टीव्हीचा प्रश्न उरला. भिंतीवरच्या सपाट टीव्हीला पिवळी-पांढरी पिन लागते, चित्रही येतं, पण बंदूक चालत नाही. बदकं टिपायच्या डक हंट या गेममध्ये घोडा दाबला की एका क्षणापुरता सगळा पडदा काळा होतो आणि लगेच बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीच्या नळीतला डोळा आधी काळं आणि मग पांढरं दिसलं तरच नेम लागला असं मानतो. आधीचं काळं कशासाठी, तर कुणी दिव्याकडे नेम धरून फसवू नये म्हणून. मी आणि माझा भाऊ ट्यूबलाइटकडे बंदूक धरून का हरत होतो ते मला या वयात कळलं. सपाट टीव्ही चित्र दाखवायला किंचित उशीर करतो, तोवर बंदुकीचं बघून झालेलं असतं.

साखळीला राहणाऱ्या आत्याकडे एकवीस इंची जुना डबा टीव्ही होता, त्यावर कपड्यांच्या घड्या ठेवायची. पावसात ताडपत्री घालून पिकअपमधून आणला. दोन माणसांनाही जड. कुणी असा टीव्ही आणला तर मागचं झाकण स्वतः उघडू नका. नळीत बंद केल्यावरही हजारो व्होल्ट साठून असू शकतात. तिथे माझ्यासारख्याचं काम नाही.

चवथीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी, गणपतीच्या वर टांगलेल्या फळांच्या माटोळीतल्या तवशाचा, म्हणजे मोठ्या काकडीचा, वास दरवळत असताना, सगळी भावंडं जमल्यावर मी मारिओची कॅसेट घातली. फुंकली नाही. धून सुरू झाली आणि माझ्या पायानं ठेका धरला. संथ. माझ्या आठवणीतली.

भाच्यानं फोन शेजारी धरून दोन्ही एकदम सुरू केले. पट्टी जवळपास तीच, फार कान दिला तर आमचं यंत्र केसभर उतरलेलं. लयीत मात्र फोनवर सहा आवर्तनं होईपर्यंत आमच्याकडे पाचच. आकडा पटकन जुळला. जपानचा आणि अमेरिकेचा टीव्ही सेकंदाला साठ वेळा पडदा रंगवतो, आपला आणि बाहरीनचा पन्नास वेळा. गेमचं संगीत दर पडद्याला एक पाऊल पुढे टाकतं. पडदे पन्नास, तर पावलंही पन्नास. सूर मात्र प्रोसेसरच्या गतीवर ठरतो, आणि नक्कल करणाऱ्यांनी ती गती जपानी यंत्राच्या अगदी जवळ ठेवली होती. म्हणून द्रुत बंदिश त्याच पट्टीत मध्य लयीत आली.

"म्हणजे तुमचंच चुकीचं होतं ना, मामा?" भाचा म्हणाला. "खरं तर साठच."

मी उत्तर जुळवत होतो. तेवढ्यात धून चौथ्यांदा फिरून पहिल्यापासून सुरू झाली आणि स्वयंपाकघरातून, नेवऱ्या तळता तळता, आईचा आवाज आला:

"पुरो रे आतां, बंद कर तें!"